कुंपणाबाहेरचं उद्यान

अध्यक्ष, आयोजक आणि मित्रहो,

19 जून 1865 रोजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी एक लष्करी हुकूम जारी केला. लिंकन यांच्या मुक्तिघोषणेला तोवर जवळजवळ अडीच वर्षं उलटली होती. पण टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांच्या बाबतीत ती अमलात आणायला तिथे संघराज्याची, म्हणजे यादवी युद्धातल्या उत्तरेची, फौजच पोचलेली नव्हती. या हुकुमाची सुरुवात सगळीकडे उद्धृत केली जाते : सर्व गुलाम मुक्त आहेत. मला तुमचं लक्ष त्याच्या शेवटाकडे वेधायचं आहे. मुक्त झालेल्यांना तिथे सल्ला दिला आहे, की सध्या आहात त्याच घरी मुकाट्यानं राहा आणि मजुरीवर काम करा. लष्करी तळांवर तुम्हाला गोळा होऊ दिलं जाणार नाही आणि बसून खाणाऱ्याला कुठेही पोसलं जाणार नाही.

ज्या कागदानं माणसं मोकळी केली, त्याच कागदानं त्यांना गोळा होण्याबद्दल तंबी दिली. आज मी ज्या उद्यानाबद्दल बोलणार आहे, ते उद्यान या तंबीला दिलेलं उत्तर आहे असं मी मानते.

ह्यूस्टन हे गॅल्व्हेस्टनपासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावर. आपली बरीच मराठी कुटुंबं तिथे आहेत. भारतातून पाहुणे आले की त्यांना अंतराळ केंद्र दाखवलं जातं, मंदिरं दाखवली जातात, गॅल्व्हेस्टनचा समुद्र दाखवला जातो. शहराच्या मध्यभागाला खेटून असलेल्या थर्ड वॉर्ड या वस्तीत मात्र सहसा कुणी पाहुण्यांना नेत नाही. तिथे एल्गिन आणि ट्वाम या दोन रस्त्यांच्या मध्ये दहा एकरांचं एक मैदान आहे. त्याचं नाव इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीचं उद्यान. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी 1872 मध्ये, मुक्तीनंतर अवघ्या सात वर्षांनी, वर्गणी काढून ही जमीन विकत घेतली.

विकत घेतली, यावर मी मुद्दाम जोर देते आहे. 19 जूनचा सण, ज्याला आज जूनटीन्थ म्हणतात, तो साजरा करायला या लोकांना जागा नव्हती. नदीकाठी, चर्चच्या अंगणात, कुणाच्या तरी मेहेरबानीनं मिळालेल्या माळावर तो साजरा व्हायचा. बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट अशा दोन चर्चच्या मंडळींनी एकत्र येऊन हजारभर डॉलर उभे केले. ज्यांच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं एक पैसाही मजुरी न मिळता गेली होती, त्यांनी गोळा केलेले हे डॉलर. त्यातून त्यांनी काय घेतलं, तर वर्षातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमण्यासाठी जागा. त्या दहा एकरांत कापूस लावला असता तर चार पैसे मिळाले असते. ते त्यांनी केलं नाही.

या मंडळींचे पुढारी होते रेव्हरंड जॅक येट्स. जन्म व्हर्जिनियातला, 1828 चा, गुलामगिरीतच. यांच्याबद्दल असं सांगतात, की यांना मुक्त होण्याची संधी आधीच मिळाली होती, पण बायकोचा मालक तिला आणि मुलांना घेऊन टेक्सासला निघाला, तेव्हा तिच्यापासून ताटातूट नको म्हणून हे पुन्हा गुलाम म्हणून तिच्यामागोमाग आले. ह्यूस्टनमध्ये ते दिवसा मालवाहू गाडी हाकत आणि रात्री प्रवचन करत. पुढे अँटिऑक बाप्टिस्ट चर्चचे ते पहिले पाळक झाले. दुसरे रिचर्ड ॲलन, हातात सुतारकी असलेला माणूस. बफेलो बायू या ओढ्यावर त्यांनी पूल बांधला आणि टेक्सासच्या विधिमंडळात निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक. शिवाय रिचर्ड ब्रॉक आणि मेथडिस्ट पाळक एलायस डिबल. एक गाडीवान, एक सुतार आणि दोन चर्च : या उद्यानाची पहिली नियोजन समिती ही.

इथे एका तारखेकडे बोट दाखवल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ही खरेदी झाली 1872 साली. त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापली गेली. ती त्यांनी अर्पण केली, अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी पुढे आलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. या दोन टोकांना एकमेकांची माहिती असण्याचं कारण नव्हतं. पण फुले पुण्यात बसून ज्या मुक्तीचं मोल करत होते, त्या मुक्तीनंतर माणसांनी पहिल्यांदा काय केलं याचं एक उत्तर या दहा एकरांत आहे. म्हणून मला वाटतं, महाराष्ट्रात या उद्यानाबद्दल बोलणं अस्थानी नाही.

आता नियोजनाकडे येते. एखाद्या समाजाच्या इतिहासाचा गौरव करणारं उद्यान आखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : अशा उद्यानाचा आराखडा कुंपणाच्या आत पुरा होत नाही. आतली झाडं, बाकं, पुतळे हा त्याचा सोपा भाग. बाहेरच्या रस्त्याचं नाव काय आहे, समोरच्या घरात कोण राहतं आणि दहा वर्षांनी तिथे कोण राहत असेल, हा अवघड भाग. आणि गौरव खरा की खोटा, हे त्या अवघड भागात ठरतं.

रस्त्याच्या नावापासून सुरुवात करू. उद्यान घेतलं तेव्हा शेजारच्या रस्त्याचं नाव होतं ईस्ट ब्रॉडवे. 1892 मध्ये, म्हणजे खरेदीला वीस वर्षं झाल्यावर, ते बदलून डाउलिंग स्ट्रीट केलं गेलं. हा डिक डाउलिंग कोण? ह्यूस्टनमधला एक सलूनमालक आणि बंडखोर दक्षिणी फौजेतला लेफ्टनंट. सप्टेंबर 1863 मध्ये सबीन पास इथे त्यानं चाळीस-पन्नास माणसांनिशी संघराज्याच्या आरमाराला परतवून लावलं. त्या विजयामुळे मुक्तीची फौज टेक्सासात शिरायची ती लांबणीवर पडली. ज्या माणसामुळे यांची गुलामगिरी लांबली, त्याचं नाव यांनी विकत घेतलेल्या मुक्तीच्या उद्यानाच्या दाराशी आणून लावलं. एवढंच नव्हे, बाजूच्या ट्वाम रस्त्याचं नाव हे आयर्लंडमधल्या डाउलिंगच्या मूळ गावाचं. दहा एकर यांचे, पण त्यांच्या दोन बाजू त्याच्या.

पाटी ही किती छोटी गोष्ट आहे, असं कुणाला वाटेल. पण पत्ता लिहिताना, पाकिटावर, शाळेच्या अर्जावर, दवाखान्यातल्या कागदावर हे नाव तिथल्या माणसांनी सव्वाशे वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलं. जानेवारी 2017 मध्ये शहराच्या कौन्सिलनं ठराव करून डाउलिंग स्ट्रीटचं इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू केलं. त्याच वर्षी जूनमध्ये नव्यानं बांधलेल्या उद्यानाचं उद्घाटन झालं. मला विचाराल तर त्या वर्षातलं आधी आणि मोठं काम रस्त्याच्या पाटीचं झालं. डाउलिंगचा पुतळा, जो 1905 पासून शहरात उभा होता, तो जून 2020 मध्ये काढला. ट्वामची पाटी अजून आहे.

मधला काळ मी थोडक्यात सांगते, कारण त्यातला एकच भाग आपल्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीला उद्यान सांभाळायला पैसा नव्हता, त्यामुळे कित्येक वर्षं ते मुख्यतः जूनटीन्थलाच उघडायचं. 1916 मध्ये ते शहराच्या ताब्यात दिलं गेलं. आणि मग वर्णभेदाच्या कायद्यांच्या काळात, 1922 ते 1940, कृष्णवर्णीयांना प्रवेश असलेलं हे ह्यूस्टनमधलं एकमेव सार्वजनिक उद्यान होतं. 1930 च्या आसपास शहरात साठ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय राहत होते. शहरात त्यांच्यासाठी एवढं एकच उद्यान खुलं होतं, आणि तेसुद्धा त्यांच्याच आजोबांनी विकत घेऊन दिलेलं. शहरानं इतरांसाठी बागा बांधल्या, यांना यांचीच बाग परत वापरायला दिली.

1938-39 मध्ये रूझवेल्ट सरकारच्या सार्वजनिक बांधकाम योजनेतून तिथे समाजगृह झालं, पोहण्याचा तलाव झाला, कपडे बदलायची इमारत झाली. वास्तुरचनाकार होते विल्यम वॉर्ड वॉटकिन. राइस विद्यापीठाच्या इमारतींच्या कामाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे आणि त्या विद्यापीठाची दारं तेव्हा फक्त गोऱ्यांना उघडी होती. ह्यूस्टनचा उन्हाळा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा असतो, पारा पस्तिशीच्या पुढे आणि हवा ओली. अशा गावात पोरांना पोहायला पाणी असणं ही चैन नव्हे. अमेरिकेत वर्णभेदाच्या सगळ्यात कडवट भांडणांपैकी कितीतरी पोहण्याच्या तलावांवरून झाली, कारण एकाच पाण्यात उतरण्याचा प्रश्न होता. महाडचं तळं ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. म्हणून 2010 नंतर नवा आराखडा झाला तेव्हा तलाव ठेवायचा की नाही, हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. तो ठेवला गेला, आणि वॉटकिन यांच्या जुन्या इमारतीही पाडल्या नाहीत, दुरुस्त केल्या. हे योग्य झालं असं मला वाटतं. आजी ज्या तलावात पोहायला शिकली तिथेच नातीला उतरता येणं, याची बरोबरी कोणताही शिलालेख करू शकत नाही.

रस्त्यापलीकडे, एल्गिनच्या कोपऱ्यावर, एल्डोराडो बॉलरूम आहे. खाली दुकानं आणि वर नाचाचा हॉल, अशी 1939 ची इमारत. ती बांधली ॲना आणि क्लॅरेन्स डुप्री या कृष्णवर्णीय जोडप्यानं. गोऱ्यांच्या क्लबांत आपल्या माणसांना प्रवेश नाही, तर आपला क्लब असाच देखणा असला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तिथे रे चार्ल्स गायले, एटा जेम्स गायल्या. शनिवारी नटूनथटून लोक वर जायचे. बाग, तलाव, बॉलरूम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची न्हाव्याची, शिंप्याची, खाणावळीची दुकानं, असं ते सगळं मिळून एक होतं. उद्यानाचा नकाशा काढताना कागदावर फक्त दहा एकरांची चौकट येते. त्या चौकटीत हा कोपरा येत नाही.

मग साठ-सत्तरच्या दशकात काय झालं? वर्णभेदाचे कायदे गेले. ज्यांना परवडत होतं ते दुसरीकडे राहायला गेले. महामार्गांनी थर्ड वॉर्डच्या कडा कापल्या. 288 क्रमांकाचा महामार्ग तर वस्ती चिरतच गेला. बॉलरूम बंद पडला, दुकानं गेली, उद्यान ओसाड होत गेलं.

याच काळातली एक घटना मला वगळता येत नाही. जुलै 1970 मध्ये याच डाउलिंग स्ट्रीटवर कार्ल हॅम्प्टन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला. त्यानं पीपल्स पार्टी टू नावाची संघटना उभी केली होती, तिचं कार्यालय याच रस्त्यावर होतं. पोलीस एका चर्चच्या छपरावर दबा धरून बसले होते. इतिहासाचा गौरव करणाऱ्या समित्यांना 1872 आवडतं. तिथे धीरगंभीर पाळक आहेत, वर्गणी आहे, सण आहे. 1970 त्यांना नकोसं वाटतं, कारण ज्यांचे वडील तेव्हा गणवेशात होते तेही आज याच शहरात राहतात. पण उद्यानाभोवतीचा रस्ता दोन्ही वर्षांचा साक्षीदार आहे. स्थानिक इतिहास म्हटल्यावर सोयीचं शतक निवडून चालत नाही. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की काय आठवतं, तर ते 1872 सांगत नाहीत, ते त्यांनी पाहिलेलं नाही. ते हॅम्प्टन सांगतात, तलाव सांगतात, बॉलरूम सांगतात. आराखड्याआधी ऐकून घ्यायचं असतं ते हे.

उद्यान पुन्हा उभं राहिलं ते शेजाऱ्यांनीच धरलेल्या आग्रहामुळे. 2007 मध्ये त्यांनी 'फ्रेंड्स ऑफ इमॅन्सिपेशन पार्क' स्थापन केलं आणि त्याच वर्षी शहरानं उद्यानाला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. नव्या आराखड्याचं काम फिल फ्रीलॉन यांच्याकडे गेलं. वॉशिंग्टनमधलं आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय, जे 2016 मध्ये उघडलं, ते उभारणाऱ्या वास्तुकारांपैकी ते एक. फ्रीलॉन यांचा एक नेम मला फार मोलाचा वाटतो. त्यांची कंपनी तुरुंगाची आणि जुगारघराची कामं घेत नसे. आपल्या समाजाची मुलं जिथे सगळ्यात जास्त कोंडली जातात, ती इमारत आपल्या हातून होऊ नये, एवढं साधं त्यामागचं कारण. शाळा, वाचनालयं, संग्रहालयं, उद्यानं यांतच त्यांचं आयुष्य गेलं. 2019 मध्ये ते वारले.

काम 2013 मध्ये सुरू झालं आणि जून 2017 मध्ये पुरं झालं. खर्च 3 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक. नवं क्रीडाकेंद्र, बास्केटबॉल आणि टेनिसची मैदानं, बेसबॉलचं मैदान, लोक जमतील असा दर्शनी चौक, जुनी समाजगृहाची इमारत आणि तलाव. यादी वाचताना वाटेल, यात इतिहास कुठे आहे? माझ्या मते तो इथेच आहे. 1872 मधल्या लोकांनी जागा घेतली ती एकत्र यायला, भाजलेलं मांस आणि लाल सरबत घेऊन दिवसभर बसायला, पोरांना खेळू द्यायला. त्यांनी स्मारक मागितलं नव्हतं. बास्केटबॉलच्या मैदानावर संध्याकाळी सात वाजता जी गर्दी असते, ती त्यांच्या मागणीच्या अगदी जवळची आहे. माहितीचे फलक हवेतच, पण फलक वाचायला येणारा माणूस एकदा येतो. खेळायला येणारा रोज येतो आणि वीस वर्षांनी कौन्सिलनं ही जागा दुसऱ्या कामाला द्यायचं ठरवलं तर आडवा येतो तोच.

आणि उद्यानं दुसऱ्या कामाला जातात, किंवा उलट, दुसऱ्यांच्या जागा उद्यानाला जातात. ही गोष्ट विसरून अमेरिकेत या विषयावर बोलताच येत नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आपण सगळेच वाखाणतो. त्याच्या आजच्या पश्चिम भागात, 82 ते 89 या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाचं गाव होतं. 1825 मध्ये अँड्र्यू विल्यम्स नावाच्या, बूट पुसून पोट भरणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणानं तिथे पहिले तीन भूखंड घेतले. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर नावावर 250 डॉलरची मालमत्ता लागे. म्हणून तिथली जमीन म्हणजे मतपत्रिका होती. पुढे तिथे सव्वादोनशेच्या आसपास वस्ती झाली, तीन चर्च झाली, शाळा झाली. 1857 पर्यंत उद्यानासाठी हे सगळं सक्तीनं रिकामं केलं. दुसरीकडे कॅलिफोर्नियात, मॅनहॅटन बीच गावी, विला आणि चार्ल्स ब्रूस यांनी 1912 मध्ये समुद्रकाठी जागा घेऊन कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थान काढलं. 1924 मध्ये गावानं तिथे बाग करायचं कारण सांगून भूसंपादन केलं, इमारती पाडल्या, आणि मग ती जमीन कित्येक दशकं तशीच पडून होती. 2022 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, ती त्यांच्या वारसांना परत दिली. 2023 मध्ये वारसांनी ती सुमारे 2 कोटी डॉलरना पुन्हा काउंटीलाच विकली. हा निर्णय काहींना रुचला नाही. मला तो समजतो. जिथून आपल्या खापरपणजोबांना हुसकलं, तिथे पुन्हा धंदा थाटायला जावं, अशी अपेक्षा आपण कुणाकडून का ठेवावी?

तेव्हा एखाद्या कृष्णवर्णीय वस्तीत पालिकेचा माणूस नकाशा घेऊन येतो आणि म्हणतो की इथे छान उद्यान करायचं आहे, तेव्हा समोरची आजी हाताची घडी घालून गप्प बसते, तिला बागेचं वावडं असतं म्हणून नव्हे. तिला इतिहास ठाऊक असतो.

थर्ड वॉर्डात आज तिची काळजी वेगळ्या रूपात पुढे आली आहे, आणि इथे मला थोडं पैशाबद्दल बोलावं लागेल, कारण सगळी गोम तिथे आहे. एवढ्या खर्चाचे पैसे शहर, देणगीदार आणि एक स्थानिक विकास प्राधिकरण यांनी मिळून उभे केले. हे प्राधिकरण कसं चालतं ते पाहा. एका भागाची हद्द आखतात. त्या वर्षी त्या हद्दीतल्या मालमत्तांची जी किंमत असेल ती गोठवतात. पुढे किमती वाढल्या की वाढीव किमतीवरचा कर शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्याच भागाच्या कामांसाठी वापरतात. कागदावर हे न्याय्य दिसतं : भागातला पैसा भागातच. पण याचा अर्थ असा, की उद्यानासाठी पैसे मिळायचे तर भोवतालच्या जमिनींच्या किमती वाढल्याच पाहिजेत. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे शाळांपासून कितीतरी गोष्टींचा भार मालमत्ता करावर आहे. किंमत वाढली की कर वाढला. ज्या आजीचं घर चाळीस वर्षांपूर्वीच कर्जमुक्त झालं, तिलाही दर वर्षी कराचं बिल येतं. ज्येष्ठांना सवलत आहे, पण ती मिळायला घरावरचा आपला हक्क कागदोपत्री दाखवावा लागतो. इथल्या कितीतरी घरांवर अजून वारलेल्या आईबापांचं नाव आहे, कारण मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि वारस चार शहरांत पांगलेले. आपल्याकडे वडिलोपार्जित घराच्या कागदपत्रांत अडकलेल्या माणसाला ही अडचण फोड करून सांगावी लागणार नाही.

त्यात ह्यूस्टन हे अमेरिकेतलं झोनिंग नसलेलं सगळ्यात मोठं शहर. कोणत्या भूखंडावर काय बांधायचं याचे इतर शहरांतले नियम तिथे नाहीत. शॉटगन हाउस म्हणजे अरुंद, एकामागे एक खोल्या ओवलेलं, पुढे पडवी असलेलं लाकडी घर. तशा घराच्या शेजारी तीनमजली, रस्त्याकडे गॅरेजचं दार केलेली घरं उभी राहतात. पडवी असलेल्या घरात माणूस संध्याकाळी बाहेर बसतो, जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करतो. गॅरेजचं दार रिमोटनं उघडतं आणि मिटतं. बागेपासून काही गल्ल्यांवर हे बदल रोज दिसतात.

याच ठिकाणी, उद्यानाच्या कितीतरी आधी, एक काम सुरू झालं होतं. 1993 मध्ये रिक लो आणि त्यांच्या सहकारी चित्रकारांनी होल्मन स्ट्रीटवरची 22 पडकी शॉटगन घरं ताब्यात घेतली. टेक्सास सदर्न विद्यापीठात शिकवणारे चित्रकार जॉन बिगर्स यांनी अशीच घरं आपल्या चित्रांतून मोठ्या मानानं रंगवली होती, त्यातून यांना दिशा मिळाली. काही घरांत कलाकार आले, काही घरं लहान मुलं असलेल्या, शिकणाऱ्या एकट्या आयांना राहायला दिली. प्रोजेक्ट रो हाउसेस हे त्याचं नाव. पुढे याच मंडळींच्या प्रयत्नांतून परवडणारी भाड्याची घरं बांधणारी संस्था निघाली. समोरचा एल्डोराडो बॉलरूम त्यांनीच दुरुस्त करून 2023 मध्ये पुन्हा उघडला. शेजार टिकवायचं काम आणि उद्यानाचं काम हे वेगळं नाही, ही समज त्यांना नियोजनकारांच्या आधी आली होती.

झोनिंग नाही, मग हातात साधन काय उरतं? खरेदीखत. ह्यूस्टनमध्ये जमिनीच्या वापरावरच्या अटी खरेदीखतात लिहिल्या जातात आणि त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाला बांधतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्या वस्त्यांनी याच अटींतून लिहून ठेवलं, की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. आता थर्ड वॉर्डात उलटा प्रयोग झाला. तेव्हाचे आमदार गार्नेट कोलमन यांच्या आग्रहातून शेजारच्या मिडटाउन भागाच्या विकास प्राधिकरणानं थर्ड वॉर्डातले भूखंड घेऊन ठेवले आणि तिथली घरं कमी भाड्यासाठीच राहतील अशी अट कागदात घातली. ज्या कलमानं माणसं बाहेर ठेवली, त्याच जातीच्या कलमानं माणसं आत राखायची.

या साधनाचं पुढचं पाऊल म्हणजे जमीन ट्रस्टच्या मालकीची आणि वरचं घर कुटुंबाच्या मालकीचं. घर विकता येतं, पण ठरलेल्या किमतीच्या आतच, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. ह्यूस्टनमध्ये असा ट्रस्ट 2018 मध्ये सुरू झाला. कुठल्याही शहरात अशा उद्यानाचा विचार चालला असेल तर माझी एकच व्यावहारिक सूचना आहे. ट्रस्ट उद्यानाच्या पहिल्या नकाशाबरोबर उभा करा. तेव्हा भोवतालची जमीन कुणालाच नको असते आणि ती स्वस्तात घेता येते. उद्घाटन झालं की तोच भूखंड बाजारभावानं घ्यावा लागतो, आणि ट्रस्टकडे तेवढे पैसे कधीच नसतात. थर्ड वॉर्डात उद्यान 2017 मध्ये उघडलं. ट्रस्ट त्यानंतर वर्षभरानं आला.